गोंड्याची टोपी

फोन वाजला तेव्हा मी मागच्या पायरीवर बसून इंद्रदादाच्या बुटांना पॉलिश करत होतो.

शनिवार होता. शनिवारी सकाळी कारखान्यातून फोन यायचा, हे ठरलेलं. आधी चेअरमनसाहेबांचे पी.ए. बोलायचे, मग साहेब स्वतः. फोन इंद्रदादासाठी असायचा. माझ्या वाट्याला त्यातलं दादाच्या लक्षात राहील तेवढं. फोन घेतला आमच्या घरमालकीणबाई मिसेस हॉब्डे यांनी. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या, मग त्यांनी जिन्याखालून दादाला हाक मारली. मी दुसरा बूट हातात घेतला.

इंद्रसेन हा आमच्याकडच्या साखर कारखान्याच्या चेअरमनचा एकुलता एक मुलगा. कारखान्यात परदेशी मशिनरीवाले यायला लागले होते. पोरानं त्यांच्याशी इंग्रजीत बोललं पाहिजे, म्हणून साहेबांनी त्याला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका भाषाशाळेत घातलं. एकटा गेला तर तिथं काय दिवे लावेल याची साहेबांना पुरेपूर कल्पना होती, म्हणून सोबत मला धाडलं. मी पॅनमनचा मुलगा. पॅनमन म्हणजे काच बसवलेल्या मोठ्या बंद कढईत रस आटवून साखरेचा दाणा धरवणारा माणूस. मराठी शाळेत शिकूनही माझं इंग्रजी बरं निघालं, हा माझा एवढाच गुन्हा. कागदोपत्री मीही विद्यार्थीच होतो. प्रत्यक्षात दादाचा गृहपाठ, दादाचे शर्ट, दादाचे बूट आणि शनिवारच्या सहलीत दादाच्या वतीनं पोरींशी बोलणं. माझा पासपोर्टसुद्धा दादाच्या बॅगेत. "तू हरवशील," असं तो मुंबईच्या विमानतळावर म्हणाला होता. आल्यापासून त्यानं स्वतः एक कोट आणि दोन छत्र्या हरवल्या होत्या, पण ते असो.

मला यायचं नव्हतं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं होतं आणि ते सांगलीच्या दवाखान्यात पडून होते. साहेब मोसंब्यांची पिशवी घेऊन त्यांना भेटायला आले, तेव्हा मी खाटेपाशी उभा होतो. अण्णाच म्हणाले, "जाऊ दे त्याला साहेब. असं नशीब पुन्हा यायचं नाही."

"आणि तुमचं काही बरंवाईट झालं तर?" मी विचारलं. आजाऱ्यासमोर असं विचारू नये, पण मी विचारलं.

अण्णा हसले. "मग येशील की. विमानं कशाला आहेत? साहेब, एकच मागणं आहे. पोरगा एकुलता एक आहे. अग्नी त्याच्याच हातनं मिळावा."

साहेबांनी अण्णांच्या हातावर हात ठेवला. "शब्द देतो. बर्फाच्या लादीवर ठेवीन, पण भालचंद्र आल्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही."

साहेबांचा शब्द म्हणजे आमच्या तालुक्यात सातबाऱ्याचा उतारा. मी निर्धास्त होऊन विमानात बसलो. दर शनिवारी फोनची वाट बघायची आणि दादाच्या तोंडाकडे बघायचं, एवढंच मग हातात राहिलं.

त्या शनिवारी दादा फोन ठेवून मागच्या दारात आला आणि उभा राहिला. मी विचारलं, "अण्णा कसे आहेत?"

तो बुटांकडे बघत होता. "बरे आहेत," तो म्हणाला. "चहा-बिस्किट घेतलं म्हणे आज."

"बसून घेतलं का?"

"हो रे. बसून." मग म्हणाला, "दे ते बूट इकडं. मी घालतो."

नाश्त्याला मिसेस हॉब्डेंनी माझ्या ताटात दोन अंडी वाढली. एरवी एक वाढत आणि तेही आपण फार मोठं मन दाखवतोय अशा चेहऱ्यानं. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ राहिला. मला वाटलं, बाई आज खुशीत आहेत. अण्णांनी बसून चहा घेतला होता, त्यामुळे मीही खुशीत होतो. मी दोन्ही अंडी खाल्ली.

सहल एका जुन्या किल्ल्याची होती आणि मग खालच्या समुद्राची. शाळेच्या सहली न्यायचं काम कॉलिनकडे होतं. लाल केसांचा, सदा उत्साहात असलेला गडी. मुलांनी सहलीतही इंग्रजीच बोलावं म्हणून त्यानं एक खेळ काढला होता. त्याच्या आजीनं विणलेली एक पिवळीजर्द लोकरी टोपी होती, वर हा एवढा गोंडा. बसमध्ये पाय ठेवल्यापासून कोणी आपल्या भाषेतला एक शब्द जरी काढला, तर टोपी त्याच्या डोक्यावर. त्यानं मग दुसऱ्या कुणाला तरी पकडायचं, तोपर्यंत टोपी काढायची नाही. परतताना बस गावच्या चर्चजवळ येईल तेव्हा टोपी ज्याच्या डोक्यावर असेल, त्यानं ड्रायव्हरशेजारच्या माइकवर आपल्या भाषेत गाणं म्हणायचं.

आता माणूस आपणहून आपली भाषा बोलत नाही म्हटल्यावर त्याला बोलायला लावणं आलं. माणूस दचकला की त्याच्या तोंडून आईच्या घरची भाषा निघते, हे पोरांनी पहिल्याच सहलीत हेरलं होतं. त्यामुळे टोपीवाला दिवसभर लोकांना दचकवत फिरायचा. तुंजाय नावाचा एक तुर्की इंजिनियर होता, तो मागून येऊन मानेवर थंडगार बाटली टेकवायचा. लुचिया नावाची इटालियन मुलगी जास्त हुशार होती. ती खोट्या बातम्या द्यायची. त्या दिवशी किल्ल्याच्या दरवाजात तिनं तुंजायला अगदी दुःखी चेहरा करून सांगितलं, "कॉलिनच्या रेडिओवर ऐकलं. तुमचा संघ काल हरला." तुंजायनं तुर्कीत अशी काही शिवी हासडली की तिचा अर्थ सगळ्या जगाला कळला. टोपी त्याच्या डोक्यावर गेली आणि सगळे पोट धरून हसले.

ही लुचिया पुढच्या आठवड्यात आपल्या देशी परत जाणार होती. तिची ही शेवटची सहल. इंद्रदादाचा जीव तिच्यावर अडकला होता आणि त्याला तिच्याशी बोलायला मी लागायचो. म्हणजे तो मला मराठीत पुटपुटून सांगणार, मी ते इंग्रजीत तिला सांगणार, ती माझ्याकडे बघून हसणार, आणि रात्री दादा मला विचारणार, "ती तुझ्याकडं बघून का हसत होती?" टोपीच्या दिवशी पुटपुटायचीही सोय नसायची. अशा दिवशी दादा भुवयांनी हुकूम सोडायचा आणि मी ओळखायचो.

पण त्या दिवशी दादानं भुवयासुद्धा हलवल्या नाहीत. त्यानं स्वतःची पिशवी स्वतः उचलली. बसमध्ये खिडकीची जागा मला दिली. किल्ल्यावर चढताना मी पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाला, "यू ड्रिंक. यू फर्स्ट." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. आपल्या माणसानं जन्मात कधी आपल्याला आधी पाणी दिलेलं नसलं आणि तो एकदा देतो, तेव्हा आपण किती मूर्खासारखे विरघळतो. मला वाटलं, परदेशात येऊन पोरगा सुधारला.

लुचिया दोनतीनदा जवळ येऊन गेली. दादा तिच्याशी हसला, पण मधेच त्याचं लक्ष उडे. किल्ल्याच्या तटावर एक दगडी बाक होतं. तिथं तो एकटा जाऊन बसला आणि मी जवळ गेलो तसा खालच्या आवाजात मराठीत म्हणाला, "भाल्या, बस जरा. एक बोलायचंय."

लुचिया तुंजायला घेऊन बुरुजाआड टपून होती. तुंजायच्या डोक्यावरची टोपी तिनं हिसकली आणि टाळी वाजवत दादाच्या डोक्यावर घातली. "इंद्रा! अखेर!" ती ओरडली. दादाला टोपी अगदी कानापर्यंत आली. सगळे जमले. कॉलिननं फोटो काढला. दादा मला काय सांगणार होता, ते त्या गडबडीत राहूनच गेलं. नंतर मी इंग्रजीत विचारलं तर म्हणाला, "नथिंग. लेटर."

दुपारी आम्ही खाली समुद्रावर उतरलो. लाकडी धक्क्यावर गोल फिरणारे घोडे होते, छोट्या गोल्फचा खेळ होता, तळलेल्या माशांची दुकानं होती. दादानं मला आइस्क्रीम घेऊन दिलं. मी लहान मुलासारखा त्या फिरत्या घोड्यावरही बसलो. वारा छान होता. घोड्यावरून खाली उतरल्यावर मी दादाला इंग्रजीत म्हटलं, संध्याकाळी आपण सांगलीच्या दवाखान्यात फोन लावू या का, अण्णांशी दोन शब्द बोलायचे आहेत. नंबर माझ्याकडे आहे.

"टुमारो," दादा म्हणाला. टोपीखाली त्याला घाम आला होता.

मग आम्ही सगळे धक्क्यावरच्या लांब बाकांवर कागदात गुंडाळलेले मासे आणि बटाटे घेऊन बसलो. बस सुटायची वेळ होत आली होती आणि टोपी अजून दादाच्याच डोक्यावर होती. पोरांना आता चेव आला. दादा फारसं बोलत नाही, त्यानं माइकवर गायचं म्हणजे मजाच. लुचियाला त्याची दया आली असावी. ती त्याच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू येईल अशी म्हणाली, "भालला पकड. तो तुझ्याच भाषेचा आहे. त्याला दचकवणं तुला सोपं."

"भालला पकड!" तुंजायनं ताल धरला. "भालला पकड!" सगळे बाकावर हात आपटू लागले.

दादानं माझ्याकडे बघितलं. मी हसत होतो. तोंडात बटाटा होता. मग तो बाकावरून उठला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"भालचंद्र," तो म्हणाला.

त्यानं मला आयुष्यात कधी पूर्ण नावानं हाक मारली नव्हती. बाकावरचे हात आपटायचे थांबले.

"भालचंद्र, युअर फादर इज डेड."

पुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. माझ्या हातातला कागद खाली पडला. मी उठलो की खाली बसलो ते आठवत नाही. "अण्णा," असं मी ओरडलो, आणि मग दादाचा शर्ट धरून मराठीत, आमच्या गावच्या मराठीत, "कधी ओ दादा? कवा झालं? सकाळी च्या पिला म्हनला न्हवं तुम्ही?" असं काहीबाही बोलत सुटलो.

आणि सगळा धक्का हसण्यानं दणाणून गेला.

खरंच सांगतो, इतकं मोठं हसणं मी पुन्हा कुठं ऐकलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्ट्या. लुचियानं दादाच्या डोक्यावरची टोपी ओढली आणि माझ्या डोक्यावर घातली. "तू भयंकर आहेस, इंद्रा," असं म्हणत तिनं दादाच्या गालाचा मुका घेतला. कॉलिन हसतहसत मान हलवत होता, "जरा जास्तच झालं हं हे, पण मानलं." एकटा तुंजाय हसला नाही. त्यानं स्वतःच्या कानाची पाळी ओढली आणि बाकाच्या लाकडावर टकटक केलं. त्यांच्याकडे अभद्र बोललं गेलं की तसं करतात.

मी दादाच्या शर्टाला धरूनच होतो. "सांगा ना ओ," मी म्हणत होतो.

दादानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं हसणाऱ्या लोकांकडे बघितलं, लुचियाकडे बघितलं. त्याच्या गालावर तिच्या ओठांचा रंग लागला होता. हळूहळू त्याचा चेहरा सैल पडला. तोही हसला.

"जोक," तो म्हणाला. "ओन्ली जोक."

मी बाकावर बसलो आणि हसायला लागलो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होतो. "दादा, पुन्हा असं करू नका," मी म्हणालो. तेही मराठीतच निघालं, त्यावर आणखी हशा. मी दादाचे दोन्ही हात धरले. माझे अण्णा त्यानं मला परत दिले होते, अशा कृतज्ञतेनं मी ते हात धरले होते. ते हात गार होते. समुद्राचा वारा, मी म्हटलं.

बस चर्चजवळ आली तेव्हा टोपी माझ्याच डोक्यावर होती. मी कुणाला पकडायचा प्रयत्नच केला नाही. मला गायचं होतं. मी माइक हातात घेतला आणि अण्णा पॅनच्या काचेसमोर उभे राहून जो अभंग गुणगुणायचे तो म्हटला. अण्णा दाणा धरेपर्यंत तीच ओळ घोळवत राहायचे, तशीच मीही घोळवली. माझा आवाज वाईट नव्हता. आनंदानं तो आणखी मोकळा झाला होता. बसमध्ये कुणाला एक अक्षर कळत नव्हतं, पण सगळ्यांनी ठेका धरला. कॉलिन म्हणाला, टोपी आजपासून तुझी, इतकं चांगलं अजून कुणी गायलं नाही. इंद्रदादा अगदी मागच्या सीटवर डोळे मिटून बसला होता. मी परत जाऊन त्याच्याशेजारी बसलो, तर म्हणाला, "डोकं दुखतंय." टोपी माझ्याकडे आणि मराठी त्याच्या तोंडी, पण खेळ संपला होता.

दार मिसेस हॉब्डेंनी उघडलं. त्यांनी संध्याकाळच्या वेळी काळा झगा घातला होता. मी हसत आत पाऊल टाकलं, डोक्यावर तो गोंडा. त्यांनी मला दारातच मिठी मारली. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता.

"बाळा," त्या म्हणाल्या, "फार फार वाईट झालं. दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे तूच होतास. तुझे वडील."

मी त्यांना समजावू लागलो. म्हटलं, नाही मिसेस हॉब्डे, तो खेळ होता. टोपीचा खेळ. दादानं गंमत केली. तुम्हाला कोणी सांगितलं?

त्या मागे सरल्या. त्यांनी माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून दादाकडे.

"सकाळी फोन मीच उचलला," त्या म्हणाल्या. "त्या गृहस्थांनी मला सांगितलं. पहाटे गेले म्हणाले. मी यांना म्हटलं, मी सांगते त्याला. हे म्हणाले, नको, मीच सांगतो." आणि दादाला त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नाहीत?"

त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढली, तिचं काय करावं हे त्यांना कळेना, म्हणून माझ्या कोटाच्या खिशात कोंबली. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलो. दादा भिंतीला टेकून उभा होता.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला. आता मराठीत. "सगळ्यांसमोर सांगितलं. तू कुठं ऐकलंस?"

"तुम्ही जोक म्हणालात."

"सगळे हसत होते रे. मग काय करणार मी?"

इतकी वर्षं झाली, या दोन वाक्यांपाशी मी अडकतो. आधी बरीच वर्षं मी धरून चाललो होतो की टोपी उतरवायला त्यानं माझे अण्णा वापरले. मग हळूहळू कळलं की तो खरंच सांगायला उठला होता. तटावर त्याला जमलं नाही, घोड्यांपाशी जमलं नाही. मराठीत त्याच्या तोंडून ते निघत नव्हतं, परक्या भाषेत निघालं. आणि लोक हसले तेव्हा त्याला पळायला दार सापडलं. हे समजलं म्हणून माझा राग कमी झाला नाही. उलट वाढला. दुष्ट माणसाचा निदान तिरस्कार करता येतो. हा तर नुसता लेचापेचा होता, आणि लेच्यापेच्या माणसानं माझं जे केलं ते दुष्टाला सुचलं नसतं.

मी दादाला एकच विचारलं. "ठेवलंय ना त्यांनी? माझी वाट बघतायत ना?"

त्यानं माझ्या खिशातल्या गोंड्याकडे बघितलं. "हो," तो म्हणाला. "बाबांनी शब्द दिलाय ना."

"पासपोर्ट द्या."

तो वर गेला आणि बॅग उपसू लागला. पासपोर्ट शर्टांच्या तळाशी होता. तो माझ्या हातात देताना म्हणाला, "सोमवारी टेस्ट आहे आपली. ती झाल्यावर गेला असतास तर..." माझ्या तोंडाकडे बघून पुढचं त्यानं गिळलं.

गावी आमच्या घरी फोन नव्हता. कारखान्याच्या ऑफिसात घंटा वाजत राहिली. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या विमानाची जागा कॉलिननं खटपट करून मिळवली. विमानतळापर्यंत तोच सोडायला आला. वाटेत गाडी बाजूला घेऊन तो स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडला. मी रडलो नाही. माझ्या मनात फक्त बर्फ होता. लादी केवढी असेल, ती कुठून आणली असेल, ती किती वेळ टिकते, वर लाकडाचा भुसा टाकला असेल का. ढगांवरून जाताना मी बर्फाची गणितं करत होतो. अण्णांचे पाय गार पडले असतील, असं मधेच मनात आलं. मग ते गारच असणार, हे लक्षात आलं. पण अजून हातातलं गेलेलं नव्हतं. अण्णांनी एवढंच मागितलं होतं आणि तेवढं मला देता येणार होतं.

मुंबईहून मी मिळेल त्या गाडीनं गेलो. तालुक्याच्या स्टँडवर कारखान्याची जीप उभी होती. ड्रायव्हर ओळखीचा, पण त्यानं माझ्याकडे धड बघितलं नाही. पिशवीही उचलली नाही. मी विचारलं, "घरीच ठेवलंय का दवाखान्यात?" त्यानं गिअर टाकला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "कशापायी थट्टा करतोस गरिबाची?"

तरीही मला कळलं नाही. माणसाला नको असलेलं किती उशिरा कळतं.

आमच्या क्वार्टरसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. चेअरमनसाहेब भेटायला आलेले, भोवती कारखान्याचे लोक. माझ्या चुलतभावानं डोकं भादरलेलं होतं. ते मी बघितलं आणि जागीच उभा राहिलो.

साहेब उठले नाहीत. "ये," ते म्हणाले. "मी बर्फ मागवला होता बरं का. मिरजेहून ट्रक निघालासुद्धा होता. मग इंद्रसेन फोनवर म्हणाला, भालचंद्र सहलीला निघालाय. पैसे भरलेत, म्हणतोय, आता मागं फिरत नाही. ठेवू नका, उरकून घ्या." त्यांनी दोन बोटं दाखवली. "मी त्याला दोनदा विचारलं. म्हटलं नीट विचार त्याला. तो म्हणाला, समोरच उभा आहे, नकोच म्हणतोय. मग दिवस मावळायच्या आत उरकलं."

त्यांच्याकडे दिवस मावळत होता तेव्हा मी फिरत्या घोड्यावर होतो.

"खोटं आहे साहेब," मी म्हणालो. "मला सांगितलंच नाही. मला ठाऊकच नव्हतं."

खुर्च्यांवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. चेअरमनच्या पोरावर असा आळ कोण घेतो? चुलतभाऊ म्हणाला, "आता ते राहू दे. तुझ्या आईला भेट आधी." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. ते पोराला ओळखून होते. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना सगळं समजलं. मग ते खुर्चीतून उठले, खांद्यावरचा पंचा नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तरणं पोर आहे. होते चूक. आम्ही काही मनात ठेवणार नाही. क्वार्टर तुमच्याकडंच राहील." आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

इंद्रदादा आज कारखान्याचा चेअरमन आहे. परदेशी पाहुण्यांसमोर इंग्रजीत भाषण करतो, आणि बरं करतो.

मी आत गेलो. आई स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती. कपाळ मोकळं होतं. शेजारच्या दोघी बायका मला बघून उठल्या आणि बाजूला सरकल्या. मी तिच्यासमोर खाली बसलो.

आईनं मान वळवली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. माझ्या कोटाच्या खिशातून तो पिवळा गोंडा बाहेर लोंबत होता, तिकडे बघितलं. हात पुढे करून तिनं तो दोन बोटांत धरला, जरा दाबून बघितला आणि सोडून दिला.

"झाली का सहल?" ती म्हणाली.